पाच लिटरच्या टाकीचा आलेख

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

लॅबमध्ये यंत्रांची पूजा. सगळ्यांच्या घरची माणसं आली. पिंपरी पेंढारहून माझी आईही. पेढे मी वाटले.

माझा सेन्सर पाच लिटरच्या काचेच्या टाकीवर बसवलाय. टाकीत पेशी वाढतात, रेबीजवरचं प्रतिपिंड तयार करतात. ते जितकं जास्त, तितकी आतली पट्टी हिरवी चमकते. सेन्सर निळा उजेड टाकून ती चमक काचेबाहेरून मोजतो. टाकी उघडायला नको, आकडा सतत समोर.

लॅबप्रमुख भरत सरांची अट एकच. शनिवारपर्यंत सेन्सरचा आकडा आणि हातानं काढलेला नमुना जुळला, तर सेन्सर मोठ्या टाकीवर. नाहीतर कपाटात.

जुळणार.

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. तरी गेले. काल दुपारी आलेख एकदम वर गेलाय — पायरी चढावी तसा! सरांना फोन केला तर खूश. "देवी पावली राव तुला!"

पेशी असं करत नाहीत. नमुना तपासला. वाढ रोजच्याइतकीच.

म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय.

३ ऑक्टोबर

सापडलं! सेन्सर आणि काच यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट आहे. तिथे काचेवर पिवळं बोट उमटलेलं. निळा टॉर्च मारला — हिरवं चमकलं. हळद! पूजेतली. पुसली. आलेख खाली आला तो थेट नमुन्याच्या आकड्यावर.

वाटलं, सर हसतील. चिडले. "ती खोली रत्नाच झाडते ना? सोमवारपासून नको तिला."

रत्ना रडली नाही. "ताई, मी न्हाई लावली. काचेला हात लावायचा न्हाई, तुमीच सांगितलं व्हतं ना?"

सरांना म्हटलं, तिनंच लावली कशावरून?

"मग कुणी लावली, सांग."



४ ऑक्टोबर

आज दोन्ही आकडे जुळले. सर म्हणाले, "जिंकलीस. मंगळवारी मोठ्या टाकीवर बसव." मी रत्नाचा विषय काढला. "तो विषय संपला."

संपलेला नाही.

५ ऑक्टोबर

आई मेथी निवडत होती. तिला रत्नाचं सांगितलं. तिचा हात थांबला.

"त्या बिचारीला कशापायी? हळद मी लावली."



"तुजे अण्णा गेल्यापासून गावात कुनी मला हळदीला हात लावू देत न्हाई. तिथं मला कोन वळखतंय? म्हनलं, पोरीच्या मशिनीला तरी लावावी."

तिच्यासमोरच सरांना फोन लावला. "हळद माझ्या आईनं लावली. रत्ना उद्या कामावर येईल."

सर म्हणाले, "बरं. येऊ दे."

मंगळवारी मोठ्या टाकीची पूजा आई करणार. काच सोडून. कुणाला विचारलेलं नाही.