माडीवर तीस घागरी पाणी

६ नोव्हें. ७३, मंगळवार
आणि वर हे मलाच विचारतात, मासे कसे आहेत. पत्रात चार ओळी, त्यातल्या तीन माशांबद्दल, चौथी रविवारी येतो म्हणून. मी कशी आहे ते राहून गेलं. धुळ्याला बदली होऊन दोन वर्षं झाली. दिवाळीनंतर खोली बघून तुला नेतोच, असं म्हणाले होते. दिवाळीला आले ते चार फुटांची काचेची पेटी घेऊन, टेम्पोत घालून. "तुला एकटीला करमत नाही ना, सोबत होईल." खाली ठेवली तर गल्लीतली पोरं बोटं लावतील, म्हणून माडीवर मधोमध मांडली. पाणी मी भरलं. तीस घागरी, जिना चढून. हे खुर्चीवर बसून "अजून, अजून" करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेले.

७, बुध.
झोपाळ्यावर बसून गहू निवडत होते. सुपात माती पडली. झटकली, परत पडली. कडीपाटातून अशी माती कधी पडत नाही. वर गेले. पेटीजवळून चाललं की पाणी हिंदकळतं. खिडकीकडच्या टोकाला पाणी काठाला लागलंय, दुसऱ्या टोकाला बोटभर खाली. पाणी कधी तिरकं राहत नाही. पेटीच तिरकी झालीय. म्हणजे माडी वाकली.

८, गुरु.
हिशेब केला. तीस घागरी म्हणजे ज्वारीची साडेतीन पोती. काच, दगड, पेटीखालचा लोखंडी घोडा वेगळा. पोती आपण भिंतीला लावून रचतो, मधोमध कोणी रचतं का. मी तिसरी शिकलेली, मला कळतं. हे ऑफिसात कागद तपासतात.
शेजारच्या कंचनबाई येऊन मासे बघून गेल्या. म्हणाल्या, "बाईजी, तुमच्या घरी तर रोजचा सिनेमा." म्हटलं घेऊन जा तुमच्याकडे, फुकट. हसत गेल्या. घेऊन नाही गेल्या.

९, शुक्र.
नथू मिस्त्री आला. खालून कडी ठोकून बघितली, वर जाऊन पेटी बघितली. "अक्का, लाकूड सागनं शे, पन बठ्ठं वजन एकच कडीवर शे." सगळा भार एकाच कडीवर, कारण पेटी कडीच्या लांबीनं ठेवलीय. आडवी, भिंतीजवळ ठेवली असती तर चार कड्यांनी वाटून घेतली असती. झोपाळा त्याच कडीला टांगलाय, मीही त्यावर बसते ती गोष्ट वेगळीच. पेटी सरकवायची तर पाणी काढावं लागेल, आणि चार माणसं. मालक कधी येतील, विचारलं त्यानं. जो येतो तो हेच विचारतो. म्हटलं रविवारी. तोवर टेकू लावू म्हणाला.

१०, शनि.
झोपाळा काढला. त्याच जागी टेकू. जाड खांब, वर आडवी फळी, खाली पाचर मारून घट्ट केला. मिस्त्री विचारत होता, खाली फरशी पक्की ना. मी म्हटलं शहाबादी आहे, काय होतंय. आता घरात बसायला जागा म्हणजे खांबाला टेकून.

११, रवि.
आले नाहीत. दोघांचं वरण केलं होतं.
दुपारी आडवी झाले तर आवाज आला, भांडं आपटल्यासारखा. टेकूखालची फरशी तडकली. मग आठवलं. तिथे सासूबाईंच्या वेळचं धान्याचं पेव आहे, जमिनीत खोल खणलेलं. माती न भरता नुसती फरशी टाकून बंद केलं होतं, मीच उभी होते तेव्हा. सगळा भार पोकळीवर उभा केला मी. मिस्त्रीला काय माहीत असणार. ह्या घरात पेव कुठे आहे ते माहीत असलेली दोनच माणसं, एक धुळ्याला आणि एक मूर्ख.

१२, सोम.
पेटीतलं पाणी उपसलं. पंधरा घागरी खाली आणल्या, मोरीत ओतल्या. कंबर धरली. माती पडायची थांबली. मासे निम्म्या पाण्यात, तोंडं वर करून. खायला टाकलं. त्यांचा काय दोष.
खांद्याला तेल लावायला हात पोचत नाही. कोणाला सांगू.

१४, बुध.
पत्र आलं. शनिवारीच मी टेकूचं लिहून टाकलं होतं, त्याचं उत्तर नाही. लिहितात, "खोली मिळाली होती, स्वयंपाकघरासकट. पण तू आता मासे सोडून कशी येणार, म्हणून नाही म्हटलं."
दोनदा वाचलं. मग माडीवर जाऊन बसले. काही केलं नाही. भाकरी पण नाही केली.

१५, गुरु.
कंचनबाई म्हणाल्या, डोळे का सुजलेत. कांदा चिरला म्हटलं. "एवढा कांदा एकटीला?"
भडगावला दिलेल्या मुलीला लिहावं वाटलं. ती म्हणेल आई, बाबांचं ऐक. नाही लिहिलं.

१६, शुक्र.
ह्यांना पत्र टाकलं. पाकिटात नाही, उघड्या कार्डावर, ऑफिसच्या पत्त्यावर. शिपाई वाचेल, साहेब वाचतील. वाचू देत. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, नंतर म्हणायला नको मी तसं म्हटलंच नव्हतं.
"पेटी निम्मी केली आहे. टेकू पेवावर उभा आहे, किती दिवस राहील मिस्त्रीही सांगत नाही. ती खोली परत मिळते का विचारा. नसेल तर दुसरी बघा, एका खणाची असली तरी मला चालेल. मासे मी मेहरूणच्या तलावात सोडीन, किंवा तुम्ही येऊन घेऊन जा. मी इथे त्यांच्यासाठी राहणार नाही. नेणार की नाही, एवढंच लिहा. पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे."