भावोजी फुकटच बरे होते

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची तब्येत मुद्दामच विचारत नाही. रुसलेला माणूस ठणठणीत असतो.

ते का रुसले हे तू त्यांच्याकडून ऐकलं असशीलच, आता माझंही ऐक. दुकानदारांची बिलं छापणारा आमचा तो प्रोग्रॅम आम्ही काही रिकामटेकडे (शब्द तुझाच) संध्याकाळी बसून फुकट लिहितो आणि जग तो फुकट वापरतं. त्यातलं सगळ्यात कटकटीचं काम भावोजींचं, लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचं. "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्याला ते स्क्रीन चालू करण्यापासून शिकवायचे, तेही न चिडता. (घरी चिडतात ते इथलं साठलेलं असणार.) सगळं सुरळीत चाललेलं, तेवढ्यात आमच्या प्रोग्रॅमवर गब्बर झालेल्या एका कंपनीला उपरती झाली आणि तिनं देणगी पाठवली. झालं!

राबणाऱ्यांना मोबदला द्यायचा असं ठरलं. चूक दुरुस्त केली की इतके, उत्तर दिलं की इतके. एरवी गुपचूप ढीगभर चुका निस्तरणारा आमचा दाढीवाला एकेका चुकीचे तुकडे पाडून विकायला लागला. दुसरा पठ्ठ्या तर स्वतःच चुका घालायचा आणि स्वतःच काढायचा! भावोजींना उत्तराचा दर कळला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फुकट होतो तोवर मान होता. आता अर्ध्या चहाच्या भावात आलो." आणि उठून गेले ते गेलेच.

आता शंका माझ्याकडे येतात. परवा एकाला वैतागून लिहिलं, डोळे तपासून घ्या. तो चष्म्याचा दुकानदार निघाला. रोज कुणी ना कुणी दुकानदार आम्हाला रामराम ठोकतोय, असंच चाललं तर प्रोग्रॅमचा गाशा गुंडाळावा लागेल. त्यात भावोजींशिवाय करमत नाही ते वेगळंच. पण मी काही मनधरणी करायला लिहीत नाहीये, गैरसमज नसावा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मनधरणी करायलाच लिहितोय. त्यांना परत पाठव. एक छदामही देणार नाही, हवं तर लेखी देतो. रिकाम्या संध्याकाळी ते तुझे डबे अक्षरक्रमानं लावतात आणि तुला मीठ सापडत नाही, हे तूच फोनवर सांगितलंस ना?

आणखी एक ता. क. काल आम्हा सगळ्यांच्या व्हिडिओ कॉलवर मी बोलून गेलो, की पैसे खरं तर ज्यांच्या संध्याकाळी आम्ही पळवल्या त्या घरच्या माणसांना द्यायला हवेत. सगळ्यांच्या बायका मागे उभ्या राहून ऐकत होत्या. दाढीवाल्याच्या बायकोच्या पहिल्याच बिलात देणगी साफ झाली. तेव्हा ताई, माणूस आधी पाठव, बिल मागाहून.