नाही कळलं, साहेब

सांता एदुविजेस,
९ सप्टेंबर १९८३

चि. चेलो हीस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा घोटा प्लास्टरमध्ये आणि मी तुझ्या एप्रनमध्ये, अशी अदलाबदल होऊन आठवडा झाला. तुझे बटणा-लेसचे दुकान उभे आहे. तिकडे मोरेलियात तुला आईच्या हातचे जेवण मिळत असेल. येथे एनेदिनाबाई दुकानापुढे कमानीच्या खांबाशी मक्याच्या पानात उकडलेले तामाले विकतात, त्यांवर माझे भागते. हिरव्या मिरचीचे चांगले असतात. प्रकृती ठीक.

आता तक्रार. मी सारी हयात मुलांना व्याकरण शिकवले. मोरेलियात मी समोरून येताना दिसलो, तर माणसे तोंडातले वाक्य आधी तपासून मग बोलतात. येथे तुझ्या गल्ल्यामागे उभा राहिलो आणि त्याच दिवशी मूर्ख ठरलो. लोक माझ्याशी मोठ्याने बोलतात, आणि सावकाश. एका बाईने बटण म्हणजे काय, हे मला बोटांनी करून दाखवले. माझ्या पाठीशी भिंतभर बटणांच्या बरण्या असताना. दुसरीने माझ्यादेखत आपल्या बहिणीला विचारले, की ह्यांना मोजता येत असेल का गं, की आपणच कापून घेऊ या लेस. मी तेथेच उभा होतो, चेलो. कात्री माझ्याच हातात होती.

शनिवारी औषधवाल्याची बायको झग्याला लावायची निळी चेन घ्यायला आली. तिच्या वाक्यात कर्ता होता, कर्म होते. क्रियापद मात्र ती घरी विसरून आली होती. ते मी नम्रपणे पुरवले. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू कपाट बोलले. आणि चेन न घेताच ती निघून गेली.

चौकातल्या कमानीखालची सारी दुकाने, तुझेही, हलवणार, ही गोष्ट खरी दिसते. दोन माणसे फीत लावून खांबांची मापे घेत होती. कत्तलखान्यामागच्या पटांगणात नवे गाळे निघणार, असे एनेदिनाबाई सांगतात. तिकडे गावातले कुत्रेदेखील पोट भरल्यावर थांबत नाही, मग गिऱ्हाईक कोठून थांबणार? तू नगरपालिकेत इतके खेटे घातलेस आणि उत्तर मिळाले नाही, ह्याचे कारण उघड आहे: तुझी विचारणा तोंडी होती. मी सर्व दुकानदारांच्या वतीने लेखी अर्ज रचीत आहे. नीट बांधलेल्या वाक्यापुढे कोणतेही कार्यालय टिकत नाही.

आईस सांगावे, की मोजे सापडले. माझा लोभ आहेच. तू पाय उशीवर ठेवावास, म्हणजे तो वाढेल.

तुझा,
बाबा


मोरेलिया,
१४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस चेलोचा, एका पायावरून का होईना, शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. कपाट बोललं, ह्या जागी ती इतकी हसली की चॉकलेट उतू गेलं आणि शेगडी मला लंगडत पुसावी लागली. ती म्हणते, बरं झालं, कोणीतरी शेवटी ह्यांचं वाक्य ऐकून न घेता निघून गेलं. मला ते लग्न झाल्यापासून कधी जमलं नाही.

पण बाबा, हात जोडते, गिऱ्हाइकाची वाक्यं दुरुस्त करू नका. ती औषधवाल्याची बायको तीन मुलींची आई आहे. तीन लग्नं म्हणजे किती लेस, ते तुम्हीच बघा. गल्ल्यामागचा माणूस लोकांना फर्निचरच वाटतो. मीही आधी चिडायचे. एका मास्तरीणबाईंनी मला उजवी बाजू कुठली ते माझाच हात धरून शिकवलं होतं. आता मी फक्त 'बघते हं, बाई' म्हणते. तुम्हीही तेवढंच म्हणा. आणि उत्तर द्यायची अगदीच उबळ आली, तर 'नाही कळलं' म्हणा. त्यानं माणूस खूश होतो, पुन्हा पहिल्यापासून समजावतो, आणि समजावताना आणखी दोन रिळं घेऊन जातो.

दुकानाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नगरपालिकेचे चिटणीस उर्किसा मला काय म्हणाले होते, ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. म्हणाले, बाई, ही तांत्रिक बाब आहे, बटणांसारखी सोपी नाही. मी एवढंच विचारत होते, की दुकान राहणार का जाणार. तेवढं एक वाक्य त्या इमारतीत कोणाला येत नाही. कत्तलखान्यामागे नेलं, तर वर्षाच्या आत कुलूप लागेल. मग मी कायमची तुमच्या घरी, आणि रोज जेवणाआधी शुद्धलेखन. नको हो बाबा. दुकान माझं आहे, ते मला हवंय.

लोभ असू द्या, आणि गिऱ्हाइकांवरही थोडा असू द्या.

तुमची,
चेलो


सांता एदुविजेस,
२६ सप्टेंबर

चि. चेलो हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात स्वल्पविराम जागच्या जागी होते. आनंद झाला.

अर्ज देऊन आलो. तीन परिच्छेद, तिसरा विशेष. दुपारी दुकान बंद करताच गेलो, त्यामुळे एप्रन काढायचे राहिले. खिडकीवरच्या कारकुनाने दोन ओळी वाचल्या, माझ्याकडे पाहिले, एप्रनकडे पाहिले आणि विचारले, काका, कोणाकडून लिहून आणलंत? मी म्हणालो, की मीच लिहिला. तो हसला. म्हणाला, बरं बरं, ज्यानं लिहिलाय त्याला सांगा, भारी लिहितो. मग त्याने अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला कॉफीचा पेला ठेवला. 

परंतु पुढे जे घडले, ते ऐक. उर्किसासाहेब सकाळी कमानीत मक्याचे गरम आतोले प्यायला येतात, हे तुला ठाऊक आहे. गावाच्या जत्रेच्या दिवशी नगराध्यक्ष वर्षाचा अहवाल वाचतात. ते भाषण साहेबच लिहितात. मागच्या वर्षी भाषण चालू असताना लोक निवांत भाजलेली कणसे खात बसले आणि टाळ्या वाजवायला विसरले. म्हणून नगराध्यक्षांनी ह्या वेळी बजावले आहे, की भाषण गावातल्या सगळ्यात मठ्ठ माणसालाही कळले पाहिजे. साहेब कर्तव्यदक्ष आहेत. त्यांनी तसा माणूस शोधायला घेतला. आणि तो त्यांना तुझ्या गल्ल्यामागे सापडला.

हे मी तर्काने सांगत नाही. त्यांनीच सांगितले, अगदी प्रेमाने. म्हणाले, काका, तुमच्याइतका साधा माणूस मला सबंध गावात मिळाला नसता. तुम्हाला कळलं, की सगळ्यांना कळलं. मग गल्ल्यावर कोपर टेकून त्यांनी पहिले वाक्य वाचले. 'प्रगतीच्या प्रशस्त पथावरील पहाटेच्या प्रकाशात' अशी त्याची सुरुवात होती, आणि ते संपेपर्यंत मी एका बाईला इलॅस्टिक मोजून दिले. वाक्यात क्रियापद नव्हते. ते माझ्या ओठांपर्यंत आले. तेवढ्यात तुझी आज्ञा आठवली, आणि मी म्हणालो, नाही कळलं, साहेब.

त्यांनी ताबडतोब वाक्य खोडले.

मी दुसऱ्या वाक्यालाही नाही कळलं म्हणालो. तेही गेले. चेलो, मी इतकी वर्षे तांबड्या शाईने मुलांच्या वह्या रंगवल्या. एकाही मुलाने वाक्य इतक्या आनंदाने खोडले नव्हते. साहेब उद्या पुन्हा येणार आहेत.

पाय टेकवण्याची घाई करू नये. लोभ आहेच, आणि सध्या तो बराच खुशीत आहे.

तुझा,
बाबा


मोरेलिया,
१ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस चेलोचा शिरसाष्टांग नमस्कार, आणि आईचा जो काय असेल तो. वि. वि.

पत्र आलं आणि मी प्लास्टरसकट उठून उभी राहिले. बाबा, त्या भाषणात कमानीबद्दल काहीतरी असणारच. ते वाक्य येईल तेव्हा हुशारी करू नका. तुम्ही कायदा काढलात, तर ते तुम्हाला दुसरा कायदा दाखवतील आणि दुसरा मठ्ठ शोधतील.

मी आईला म्हटलं, बाबांना शहाणपण लपवणं जमेल का? ती म्हणाली, घरात भांडी घासायची वेळ आली की फार सुरेख जमतं. मग तिनंच सुचवलं, की परिसर, धोरण असलं काही विचारायचं नाही. एनेदिनाबाई जे विचारतील तेवढंच विचारायचं. म्हणजे, जत्रेनंतरच्या सोमवारी मी बटणं कुठे विकू? उत्तर मिळेपर्यंत दुसरं काहीही कळून घ्यायचं नाही.

बाबा, मी रात्री त्या खांबांची स्वप्नं बघते. सांभाळा.

लोभ असावा, ह्या वेळी नेहमीपेक्षा जास्त लागेल.

तुमची,
चेलो


सांता एदुविजेस,
१३ ऑक्टोबर

चि. चेलो हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ते वाक्य आले. जसेच्या तसे देतो: 'कमानीच्या परिसराचे, सर्वंकष विकासाच्या व्यापक दृष्टीने, सुसंवादी पुनर्नियोजन साधण्याच्या दिशेने पावले उचलली जातील.' कोणाची पावले, हे त्यात नाही. मी म्हणालो, नाही कळलं, साहेब.

साहेबांनी सोपे केले. म्हणाले, काका, म्हणजे कमानी छान होणार. मी विचारले, छान म्हणजे सोमवारी मी बटणं कुठं विकायची? ते म्हणाले, की तो प्रश्न वेगळा आहे, इथे धोरणाबद्दल चाललंय. मी एप्रनला हात पुसले आणि म्हणालो, की धोरण असू द्या साहेब, पण बटणं कुठं?

त्यांनी वाक्य तीनदा फिरवून लिहिले. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा लांब झाले. तोवर एनेदिनाबाई तामालेचा डबा झाकून आल्या आणि म्हणाल्या, की मलाबी न्हाई कळलं. शेजारचा चांभार आला. त्यालाही कळले नाही. औषधवाल्याची बायको चेन घ्यायला आली होती. तिने सारे ऐकून घेतले आणि मोठ्याने, सावकाश साहेबांना सांगितले, की अहो, ह्या बिचाऱ्याला नीट सांगा ना, दुकान राहणार का जाणार ते. क्रियापदे दोन्ही जागेवर होती.

साहेबांना घाम फुटला. म्हणाले, की खरं सांगू का, ठरलेलं काहीच नाही. मग नगराध्यक्ष चौकात काय सांगणार, असे चांभाराने विचारले. साहेबांनी चौकाकडे पाहिले. जाणार म्हणावे, तर जत्रेच्या दिवशी टाळ्यांऐवजी काय येईल, हे एनेदिनाबाईंच्या डब्याकडे बघून कोणालाही समजले असते. त्यांनी पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहिले: कमानीखालची दुकानं आहेत तिथंच राहतील. आणि मला वाचून दाखवले.

मी जरा वेळ घेतला. मठ्ठ माणसाने घ्यावा तितका. मग म्हणालो, कळलं, साहेब.

त्यांनी मला गल्ल्यावरून मिठी मारली. म्हणाले, काका, तुमचं डोकं म्हणजे ह्या गावाचं माप आहे, ह्याच्या खाली काही नाही. माझ्या तोंडाशी काय काय आले असेल, ते तू जाणतेस. मी म्हणालो, बघतो हं.

नगराध्यक्ष भाषण आधी वाचीत नाहीत, हे एक. आणि रविवारी त्यांना वाचताना अडखळता येणार नाही इतके ते आता सोपे आहे, हे दुसरे. लोभ धरून राहावे, आणि आईलाही धरायला लावावे.

तुझा,
बाबा


सांता एदुविजेस,
२० ऑक्टोबर

चि. चेलो हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

राहिले. दुकान राहिले. हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचे बसून वाचशील.

रविवारी चौक भरला होता. नगराध्यक्षांनी भाषण वाचले, आणि कणसे खाणारी माणसे कणीस हातात धरून ऐकू लागली. तुझे वाक्य आले. ते वाचून झाल्यावर नगराध्यक्ष थांबले. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग उर्किसासाहेबांकडे पाहिले. परंतु तोवर कमानीखालून टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि बँडवाल्यांना वाटले की भाषण संपले, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापले आहे. आता मागे घ्यायचे, तर आणखी एक भाषण करावे लागेल, आणि ते आधी मला कळावे लागेल.

काल साहेब गोड पाव घेऊन आले. नगराध्यक्ष दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. पण गावभर लोक हात मिळवू लागले, तेव्हा म्हणाले, की ही कल्पना मूळची माझीच. पाणीपट्टीची सूचनाही माझ्यावर तपासून घ्यायची ठरली आहे. तोवर शहाणे होऊ नका हां काका, असे साहेब म्हणाले.

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर कॉफीच्या पेल्याचे वर्तुळ होते. म्हणाले, की हे कोणा थोर विद्वानानं लिहून दिलंय. नगराध्यक्षांना कळलं नाही, मलाही कळलं नाही. तुम्हाला काही अर्थ लागतोय का बघा.

माझा अर्ज, चेलो. साहेबांनी तो सबंध वाचून दाखवला, मनापासून, हातवारे करून. पहिला परिच्छेद मी मान ताठ ठेवून ऐकला. दुसऱ्यात एक बाई हुक मागायला आली, तिला ते दिले. तिसरा परिच्छेद, जो विशेष होता, तो एकाच वाक्याचा आहे. त्यात कर्ता आरंभी येतो आणि क्रियापद पानाच्या तळाशी. त्या दोहोंच्या मधे कोठेतरी कर्ता माझ्या हातून सुटला. मी फार शोधला. वाक्य संपले. साहेब आशेने माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, नाही कळलं, साहेब. आणि ह्या वेळी मी काहीही लपवीत नव्हतो.

तुझे प्लास्टर निघाले, की ये. एप्रन धुऊन खुंटीला लावले आहे. परंतु पाणीपट्टीची सूचना होईपर्यंत मी येथेच थांबेन म्हणतो, गावाचे माप एकाएकी काढून नेणे बरे नव्हे. निळी चेन मागवावी लागेल. औषधवाल्याच्या बायकोने सगळ्या नेल्या.

कळावे.

तुझा,
बाबा