रिकामी होडी जड का झाली

अब्बा,

घरात आपण दखनी बोलायचो, पण लिहायला मला शाळेतली मराठीच जवळची वाटते. आज बाजारात कुणीतरी म्हणालं, होडीचं इंजिन डिझेल फार पितंय, आणि मला तो दुष्काळ आठवला. विहिरी आटलेल्या, पंप बंद, त्यामुळे बीडच्या आपल्या दुकानात दुरुस्तीला काहीच येत नव्हतं. नेमकं तेव्हा धरणावरच्या मच्छीमार सोसायटीनं डिझेल फार पिणारी एक होडी बघायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही जन्मात होडीत बसला नव्हता. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून अम्मीनं मला सोबत धाडलं. मांजरसुंब्याला गाडी बदलेपर्यंत तुम्ही मला एकच विचारत होतात, पाण्यात इंजिन जोर कशावर लावत असेल?

धरणाचं पाणी लांब मागे सरकलंय. काठावर चेअरमन आणि होडीवाले काका एकमेकांकडे न बघता उभे आहेत. चेअरमन म्हणतात, "मिस्त्री, मला तर माणसाचाच संशय हाय. डिझेल इकतोय ह्यो. आजपासून कामावर येऊ नको म्हणलंय." काका हळू म्हणतात, "मी न्हाई इकलं. होडीच लई जड चालतीया." तुम्ही म्हणता, "आधी मशीन बघू द्या साहेब. माणसाचं मागून बघू."

इंजिन आपल्याकडे येणाऱ्या पंपांसारखंच होतं, फक्त मागं लांब दांड्याला पंखा. तुम्ही एअर फिल्टर झटकला, नोझल साफ केलं, पंख्याची पाती बोटांनी चाचपली. काठावर इंजिन स्वच्छ चालायचं, पाण्यात गेलं की काळा धूर. मी काहीतरी सुचवायला गेले तर "चुप बैठ जरा" म्हणालात. मला राग आला. मी उठून काकांबरोबर दोर ओढायला लागले. होडीत कुणी नव्हतं, जाळीसुद्धा नव्हती, तरी ती हलेना. मी तिथूनच विचारलं, "अब्बा, खाली है तो इत्ती भारी कायकू?"

तुम्ही पाना खाली ठेवलात. वैताग, घाई, सगळं तुमच्या चेहऱ्यावरून गेलं. होडीत उतरून तुम्ही तळावर बोटांच्या पेरांनी ठोकत गेलात. पुढे पोकळ आवाज, मागे बद्द. काकांनी सांगितलं की होडीला दोन तळ, मधे फोम भरलेला, आणि पाणी हटल्यापासून ती रोज दगडांवरून ओढावी लागते. सगळ्यांनी मिळून होडी काठावर ओढली आणि तुम्ही मागच्या तळाला खालून भोक पाडलंत. दगडांनी चिरलेल्या तळातून फोममध्ये मुरलेलं गढूळ पाणी येतच राहिलं. "इंजन बिचारं हेच वाहत होतं," तुम्ही म्हणालात. चेअरमननी काकांना म्हटलं, "उद्या येतूस ना?" काका दोर गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र आले.

तळ दुरुस्त झाल्यावर काकांनी तुम्हाला पार पलीकडच्या काठापर्यंत फिरवून आणलं. मी काठावरूनच बघत होते. मधे इंजिन बंद करून तुम्ही दोघं बराच वेळ पाण्यात वाकून काय बघत होतात, ते तुम्ही होतात तोवर विचारायचं राहून गेलं. अजून वाटतं, काय असेल?

मग दुकानात येईल त्याला तुम्ही सांगायचात, "होडीचं दुखणं माझ्या पोरीनं ओळखलं." मी दुकानामागच्या घरातून म्हणायचे, पुरे झालं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. तुम्ही ते सांगायला लागलात की मी भांडी घासायची थांबायचे आणि शेवटपर्यंत ऐकायचे.