मंगलाची अर्धी राहिलेली कामं

१७ नोव्हेंबर
मंगलाला माहेरी जाऊन आज पंचवीस दिवस. भाऊबीजेला दोंडाईच्याला गेली, भावाकडे. चार दिवसांत येते म्हणाली होती. आज मीच फोन केला. "वहिनीचा पाय मुरगळलाय, थोडी राहते." बरं म्हटलं. ती पण बरं म्हणाली. संपलं बोलणं.
खिचडी केली. खाली लागली.

१९ नोव्हेंबर
दसऱ्यापासून कामाला नाही. शेठने जुने लूम भंगारात काढले, नवीन मशीनला एवढी माणसं लागत नाहीत. एकतीस वर्षं रात्रपाळी केली. सकाळी यायचं, जेवायचं, झोपायचं, संध्याकाळी डबा घेऊन निघायचं. आता दिवसभर जागा असतो. दुपारी या घरात ऊन कुठून येतं ते मला साठीला कळतंय. मोरीच्या खिडकीतून येतं. दीड वाजता पलंगाच्या पायापर्यंत पोचतं, मग मागे फिरतं.

२२ नोव्हेंबर
दुसऱ्या मजल्यावरची शीतल आली. दारातच उभी. "काका, मावशी कधी येणार? माझ्या छोट्याचा स्वेटर घेतला होता करायला. पुढच्या महिन्यात पंचवीस तारखेला धुळ्याला जायचंय, सासरी. तिकडे थंडी फार." बघतो म्हटलं.
पलंगाच्या पेटीत बघितलं. पिवळा छोटा स्वेटर सापडला, एक बाही नाही. त्याच्याखाली निळा, मोठ्या माणसाचा. पाठ पूर्ण, पुढचा भाग सुईवर अर्धा. एक गोधडी, तिचा धावदोरा निम्म्यात थांबलेला, सुई तिथेच टोचून ठेवलेली. लोकरीचं तोरण, पोपट अजून लावायचे आहेत. पोपट वेगळ्या पिशवीत, नऊ.
एवढं सगळं एकाच वेळी चालू होतं. मी याच घरात होतो ना?
निळा माझाच असणार. थंडीत सकाळी सायकलवर यायचो तेव्हा ती म्हणायची, छातीला वारा लागतो.

२३ नोव्हेंबर
फोनवर सांगितलं, पेटी उघडली. ती एकदम म्हणाली, "हात लावू नका. टाके सुटतील."
तोपर्यंत लावून झाला होता. निळ्यातून सुई सरकन निघाली. टाके एकेक करून खाली पळायला लागले. बोटाने दाबून धरले तर बाजूचे पळाले. हे मी तिला सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर
स्वेटर टॉवेलवर आडवा ठेवून, ताट नेतात तसा तळमजल्यावर शोभाबाईकडे नेला. त्या प्रसूतीच्या दवाखान्यात आया होत्या, आता घरी असतात. आमच्याच बाजूच्या, अमळनेरच्या.
"हाई काय करी ठेवं, दादा?" म्हणाल्या.
केसांतला आकडा काढला आणि त्याने एकेक टाका उचलून सुईवर घेतला. अर्धा तास. मी बाजूला उभा. लूमवर धाग्याची तार तुटली की मी अंधारातही गाठ मारायचो, पण हे काम वेगळं. तिथे हजारो तारा असतात. इथे सगळा एकच धागा, तो गेला की सगळं जातं.
निघताना म्हटलं, मला शिकवाल का? त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या चारला या. हात धुऊन या."

२९ नोव्हेंबर
सुलट जमतं. उलट जमत नाही.

२ डिसेंबर
उलट जमलं. आता सुलट विसरलो.

७ डिसेंबर
रोज चारला शोभाबाईकडे. मी पिवळी बाही घेतली आहे, त्या मटार सोलतात नाही तर काही शिवतात. आज विचारलं, मंगला तुमच्याकडेच बसायची का विणायला?
"इथं नाही. जिन्यात बसायची."
जिन्यात कशाला?
त्यांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही दिवसा झोपायचे. तिला घरात बसता यायचं नाही ना. भांडं वाजलं तरी तुम्ही ओरडायचे. दहाला बाहेर यायची, तुम्ही उठेपर्यंत जिन्यातच. तिथंच तिने आम्हाला सगळ्यांना विणायला शिकवलं. मलाही तिनेच."
मी बाहीचे टाके मोजत राहिलो. परत परत अठ्ठेचाळीसच येत होते.

८ डिसेंबर
ओरडायचो हे खरं आहे. कारखान्यात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, घरीही तसाच आवाज लागायचा. आणि झोप मोडली की डोकं फुटायचं. एकदा काचेच्या बांगड्यांवरून बोललो होतो, किणकिण थांबव म्हणून. पूजा तेव्हा पोटात होती. त्यानंतर तिच्या हातात बांगड्या होत्या की नाही? आठवत नाही. खूप आठवून बघितलं.
आज जिन्यात जाऊन बसलो. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मधली पायरी. वारा येतो. भिंतीला एका जागी चुना घासून गुळगुळीत झाला आहे, पाठ टेकून टेकून.

१२ डिसेंबर
फोन केला. प्रशांतने उचलला, तिचा भाऊ. "दाजी, ताई बाहेर गेली. सांगतो फोन करायला."
केला नाही.

१६ डिसेंबर
पिवळ्याची बाही झाली. जोडली. डावी बोटभर लांब झाली आहे. शोभाबाई म्हणाल्या, उसवा आणि परत घाला. उसवली. आठ दिवसांचं काम दहा मिनिटांत निघालं. लोकर वाकडी झाली, तिला वाफ द्यावी लागते. पातेल्यावर धरून बसलो.

२३ डिसेंबर
शीतलला स्वेटर दिला. उलटा करून आतल्या शिलाया बघितल्या तिने. "मावशींची सफाई वेगळीच." बाही मी केली हे सांगितलं नाही. छोट्याने लगेच बाहीचं टोक तोंडात घातलं.
जिना चढताना बरं वाटत होतं. दार उघडलं तर आत कोणी नाही. कोणाला सांगायचं?

२८ डिसेंबर
पूजाचा जळगावहून फोन. ती आईला भेटून आली. म्हटलं, आई कधी निघते म्हणाली?
"पप्पा, आई येणार नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"
वहिनीचा पाय?
"मामीचा पाय बरा होऊन महिना झाला." मग म्हणाली, "तिथं आई मोठ्याने बोलते, पप्पा. मी घरात शिरायच्या आधी मला तिचा आवाज आला. मला वाटलं दुसरंच कोणी आहे."
फोन ठेवताना विचारलं, निळा स्वेटर तिने माझ्यासाठी घेतला होता ना?
"तो मामाचा. भाऊबीजेला द्यायचा होता. वेळेत झाला नाही."

२९ डिसेंबर
विणलं नाही.

३१ डिसेंबर
विणलं नाही. शोभाबाईने चारला वर माणूस पाठवला. बरं नाही म्हणून सांगितलं.

३ जानेवारी
शोभाबाई स्वतः आल्या. गुडघे धरून तीन मजले चढल्या. पोंक, म्हणजे इकडचा हुरडा, आणला होता, शेव-लिंबासकट. जमिनीवर बसल्या. मी सगळं सांगितलं. पूजा काय म्हणाली, स्वेटर कोणाचा.
"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.
"येणार नाही हे माहीत होतं. जाताना मला लोकर देऊन गेली होती उरलेली."
मग तुम्ही मला का शिकवलं?
"तुम्ही विचारलं म्हणून. एकतीस वर्षांत तुम्ही या बिल्डिंगमध्ये कोणाला काही विचारलं नव्हतं."
पोंक खाल्ला. ताजा होता.

५ जानेवारी
पुन्हा निळा घेतला. प्रशांतचा तर प्रशांतचा. सुईवर आहे, तसाच कसा ठेवायचा? मध्येच कंटाळा आला की गोधडी घेतो. त्यात विचार करावा लागत नाही, धावदोरा नुसता पुढे जातो. गोधडीत तिच्या जुन्या साड्या आहेत. एक जांभळी ओळखली. बाकीच्या ओळखू आल्या नाहीत. तिने त्या माझ्यासमोरच नेसल्या असणार.

१४ जानेवारी
उत्तरायण, इकडची संक्रांत. सगळी कोसाड वसाहत पतंग घेऊन गच्चीवर. भोंगे, आरडाओरडा. शोभाबाईने तिळगूळ दिला. मंगलाला फोन लावला. तिनेच उचलला, बऱ्याच दिवसांनी.
"तिळगूळ घ्या," ती म्हणाली.
मी म्हटलं, गोधडी पूर्ण झाली. तिला नीट ऐकू गेलं नसावं, मागे गच्चीवरचा गोंगाट. "काय?" म्हणाली. मी परत सांगितलं नाही. हळू बोलायचा सराव करतो आहे, तो अशा वेळी नडतो.

२१ जानेवारी
तोरणाला पोपट लावले. नऊच्या नऊ. दाराला बांधलं. मग काढून ठेवलं. तिचं आहे.

२८ जानेवारी
गळ्याचे टाके कमी करायला शोभाबाईने दोनदा दाखवलं. काखेत काहीतरी चुकलं आहे, सापडत नाही.

४ फेब्रुवारी
निळा झाला. घरात सुईवर आता काहीच नाही. दुपारी दीडला ऊन आलं, मी बघत बसलो. हात मोकळे.
ठरवलं. जातो. स्वेटर द्यायला म्हणून तरी.

१० फेब्रुवारी
काल रात्री परतलो. आज नीट लिहितो.
रविवारी सकाळच्या भुसावळ गाडीने निघालो. पिशवीत निळा स्वेटर, गोधडी, तोरण. प्रशांतच्या घरी पोचलो तर दार उघडं, आत बायका-मुली. एक बाई मोठ्याने सांगत होती, "अगं, टाका मागून घे, पुढून काय घेतेस," आणि सगळ्या हसत होत्या. ती पण. मी ओट्यावर बसलो. म्हटलं, मंगलाला विचारावं कुणाला तरी. मग कळलं की तीच आहे.
लग्नाला तेहतीस वर्षं. आवाज ओळखला नाही.
प्रशांत मागून आला. "दाजी, बाहेर का बसले?"
मला बघून आत सगळ्या गप्प झाल्या. मंगला उठली. "जेवनात का?" म्हणाली. घरची बोली, तीच पहिली तोंडात आली. गाडीत खाल्लं म्हटलं. खाल्लं नव्हतं.
पिशवी उघडली. तिने निळा हातात घेतला, प्रकाशाकडे धरला, काखेत बोट घातलं. "इथं दोन टाके कमी आहेत. शोभाबाईने केला?"
मी केला.
तिने एका मुलीच्या हातातल्या सुया घेऊन माझ्यापुढे धरल्या. मी सतरंजीवर बसलो आणि चार ओळी घातल्या. मुली तोंडाला ओढणी लावून बघत होत्या. मंगला हसली नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती. "अंगठा एवढा दाबू नका," म्हणाली. एवढंच.
प्रशांतने स्वेटर घातला. ढेरीवर थोडा ताणला, पण बसला. काढलाच नाही मग त्याने.
संध्याकाळी ओट्यावर चहा दिला तिने. मी विचारलं, चलतेस का?
"नाही."
मी आता दिवसा झोपत नाही.
"माहीत आहे. पूजा सांगते."
मला शोभाबाईने जिन्याचं सांगितलं, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.
"तुम्ही त्याच जिन्याने खाली जायचे," ती म्हणाली. रागावून नाही, सांगितलं नुसतं. "पायरीवर माझा पाट असायचा. तुम्ही बाजूने जायचे."
मी चुकलो म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं असेल. तिने कप खाली ठेवला.
मग म्हणाली, "तुमची सवय गेली, माझी जात नाही ना. त्या घरात शिरले की मी पुन्हा पाय न वाजवता चालेन. मला तिथं नाही राहायचं. प्रशांतकडे तरी किती दिवस? बसस्टँडमागे एक खोली बघितली आहे. शिकायला येणाऱ्या मुली वीस झाल्या."
बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार?
सोमवारी निघताना गोधडी तिच्याकडेच राहिली. तोरण पण. स्टेशनवर प्रशांत सोडायला आला, निळा स्वेटर घालून. दुपारच्या उन्हात.

१३ फेब्रुवारी
खोली बघितली म्हणजे ती तिथेच राहणार. आता कळलं ते बरं झालं. चारला शोभाबाईकडे गेलो नाही.

१५ फेब्रुवारी
शोभाबाईने उरलेली लोकर दिली. तपकिरी. म्हणाल्या, काहीतरी घाला सुईवर, रिकामं बसू नका. ऐंशी टाके घातले. कोणासाठी ते ठरवलं नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी फोन वाजला. मंगलाने आपणहून केला. जोरात बोलत होती, मागे मुलींचा आवाज.
"तुमचं आधार कार्ड घेऊन या. माझं इथंच आहे. खोलीवाला राहणाऱ्या दोघांचं मागतोय."