जुलाब लागेपर्यंत

१२ फेब्रु. २००१, बिबवेवाडी
नानांचा अंगठा पुन्हा सुजून वांगं. सासऱ्यांच्या या दुखण्याला ग्रंथांत वातरक्त म्हणतात, डॉ. क. म्हणतात युरिक अ‍ॅसिड. वय (७६) विचारलं नाही, रक्त तपासलं नाही. चिठ्ठी: कोल्चिसिन, दर दोन तासांनी एक, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत. हे बंगळूरला, नव्या सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणजे घड्याळ माझ्याकडे.

१३ फेब्रु.
गोळी, पाणी, प्रश्न. "नाना, पोट कसंय?" "उत्तम." पुन्हा गोळी.

१४ फेब्रु.
सकाळी संडासाच्या दारात कोसळले. जीभ कोरडी, पाय गार. अ‍ॅडमिट, सलाईन. तिथल्या डॉक्टरीणबाई: "किडनीवर ताण आलाय. या वयात इतक्या गोळ्या दिल्या कोणी?" मी. कालपासून जुलाब होत होते, हे नानांनी त्यांना सांगितलं. मला का नाही? "सुनेला काय सांगायचं असलं!"

१६ फेब्रु.
डॉ. क.: "वहिनी, चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय. जुलाब लागल्यावर थांबायचं होतं ना?" नमस्कार करून निघाले. मनातल्या मनात शाप दिला, अनुष्टुभात.

१९ फेब्रु.
बुधवार पेठेतल्या सायबर कॅफेत दिराची मेल, अमेरिकेहून: म्हाताऱ्या माणसाला किडनी तपासल्याशिवाय असा डोस द्यायचा नसतो. छापून घेतली. पंधरा वर्षं पेपरात तुंबलेल्या गटारांवर लिहितेय. त्याच जागी आता डॉ. क.

२२ फेब्रु.
नाना घरी. किडनीचा रिपोर्ट सोमवारी. डॉ. क. यांच्या वेटिंग रूममध्ये तासभर बसले, नंबर न लावता. लंगडणाऱ्या प्रत्येक आजोबांना विचारलं, "रक्त तपासलं का हो?" दोघे उठून गेले. कंपाउंडर: "ताई, आपलं काम काय?" "बसणं." फार बरं वाटलं. इतकं वाटू नये.

२४ फेब्रु.
लेख नानांना वाचून दाखवला. विष भरपूर, अलंकार बेताचे. नाना लालबुंद. "माझ्या जुलाबांची बातमी? सोसायटीत तोंड कसं दाखवू?" नाव गाळते म्हटलं. "बिबवेवाडीत तुला दुसरा सासरा आहे?"

२६ फेब्रु.
रिपोर्ट: थोडी सुधारणा, धोका टळला म्हणता येत नाही. पंधरवड्यानं पुन्हा रक्त. नानांनी कागद दोनदा वाचला.
"लेख राहू दे. त्याच्याकडे गर्दी कधी असते?"
"सकाळी."
"उद्या ने मला. पेशंटांदेखत मीच सांगतो काय काय झालं ते. सगळं. तू मध्ये बोलायचं नाहीस."
रिक्षा सांगितलीय. लेख पर्समध्ये. छापणार नाही, असं मी म्हटलेलं नाही.