आईची चिमणी

सोमवार, ४ नोव्हेंबर
आज फजितीच झाली. खोलीत बसून रविवारच्या सदराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज — ‘जेवले गं बाळा, तू जेवलीस का?’ उठून गेले. म्हटलं, नाही अजून. आई मान वर न करता म्हणाली, ‘तुला नाही विचारलं.’

फोन डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात रोजचे व्हिडिओ टाकणारी कुणी पोरगी! घर झाडते, कपड्यांच्या घड्या घालते आणि तोंडाचा पट्टा चालूच — ‘काय आई, जेवलात ना?’ आईने तिचं नाव चिमणी ठेवलंय. इतकी वर्षं मी पेपरात टीव्हीवर आणि असल्या व्हिडिओंवर टीका लिहितेय, आणि माझ्याच घरात हे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मंगळवार, ५
चिमणीला सर्दी झालीय म्हणे. आईने काळजीने सांगितलं. मी आठवडाभर खोकतेय, त्याचं काही नाही.

शुक्रवार, ८
आई विणायला बसलीय. डोळ्यांना ताण नको असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी. निळा मफलर. मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू. विचारलं, माझ्यासाठी? ‘तुला कुठे आवडतं हातचं! चिमणीला पाठवायचाय.’

जळले. अगदी आतून जळले. दोन लाख बायका बघतात तिला, आणि त्या सगळ्या तिच्या आई. मला एकच आहे.

रविवार, १०
सदर छापून आलं. मथळा — आपलेपणाचं दुकान. नाव न घेता सालटी काढली तिची. संपादकांचा फोन आला, आज फार धारदार म्हणे. मुद्दा खराच आहे. ती प्रश्न विचारते, पण उत्तर ऐकायला थांबते कुठे? लगेच साबणाची जाहिरात.

आईने पेपर उचलला, कोडं सोडवलं, घडी घालून ठेवून दिला. सदराबद्दल चकार शब्द नाही. जेवताना मीही इयरफोन घालून पुढच्या आठवड्याच्या सदरासाठी एक मालिका बघून घेतली. कामं पडलीयत.

बुधवार, १३
केलं ते केलं. ‘एक प्रेक्षक’ नावाने खोटं खातं उघडलं आणि तिच्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘हा जिव्हाळा नव्हे, जिव्हाळ्याचे नेपथ्य आहे. कॅमेरा बंद झाल्यावर यातल्या एका तरी आईचे नाव आठवते का?’ पाठवलं आणि बरं वाटलं. वयाला शोभत नाही, ठाऊक आहे.

संध्याकाळी तिचं उत्तर — ‘ताई, माझं काही चुकलं का?’ लबाड!

गुरुवार, १४
त्याखाली आज आईने लिहिलंय. ‘चिमणे, मनाला लावून घेऊ नकोस. ही माझी लेक. चिडली की असंच जड जड लिहिते, पेपरातही. सगळं वाचते मी तिचं. जेवताना कानात बोळे घालून बसते, मग मी बोलू कोणाशी? आणि तू गं, खोलीतून बाहेर ये. चहा ठेवलाय.’

खाली अनोळखी बायकांची रांग लागलीय. ‘जा ना ताई, गार होईल.’